हा पतंग कुणाच्या वावरातला?

(दृश्य: चोपड्याजवळ, तापीकाठची कपाशी. पहाट.)

खान्देशात कपाशीला पात्या-फुलं लागली की बांधावर एक तक्रार हमखास ऐकू येते. "शेजाऱ्यानं मे महिन्यातच ठिबकवर कापूस लावला. त्याच्या वावरातली बोंडअळी माझ्या कोरडवाहूत उतरते." खरं असेलही. पण गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री उडतो. सकाळी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नराला ओढणाऱ्या) तो सापडतो, तेव्हा तो कुठून आला हे कोण सांगणार?

त्यासाठी आधी त्याच्यावर खूण हवी.

(दृश्य: तळहातावर ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड.)

ढालकिड्यावर खूण करणं त्यातल्या त्यात सोपं. काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की तो निपचित पडतो. मग गवताच्या काडीचं टोक रंगात बुडवायचं आणि पाठीवर एकच बारीक ठिपका द्यायचा. दोन ढालींमधल्या फटीवर रंग गेला तर पंख उघडत नाहीत, आणि मित्रकीटक आपल्याच हातानं जायबंदी होतो. म्हणून हात सावकाश चालवायचा.

शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी पाच रंगांचे असेच ठिपके देऊन शेकडो मधमाश्यांना क्रमांक दिले, त्यांचं नाचणं वाचलं. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं.

ठिपक्यांवरून मोजणीही होते. समजा १०० किडे रंगवून सोडले. पुढच्या खेपेला ८० पकडले, त्यात ८ रंगवलेले निघाले. म्हणजे दहातला एक रंगवलेला, आणि शेतात साधारण १००० किडे आहेत. मात्र खूण पुसली जायला नको, आणि तिच्यामुळे किडा पाखरांच्या नजरेत भरायला नको.

बोंडअळीचा पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, अंगावर सुटे खवले. तिथे ठिपका टिकत नाही. अमेरिकेत यावर फार सुंदर तोड काढली: प्रयोगशाळेत वाढवलेल्या अळ्यांच्या खाद्यातच लाल रंग मिसळला. तो चरबीत मुरतो. सापळ्यातला पतंग चिरडला आणि लाल निघाला, तर तो मुद्दाम वांझ करून (जोडी जमली तरी पिलावळ होऊ नये म्हणून) सोडलेला पतंग, नाहीतर रानातला. वांझ पतंग, बीटी कपाशी आणि इतर उपाय एकत्र राबवून २०१८ मध्ये अमेरिकेनं ही अळी आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

(दृश्य: फवारणी पंप, दुधाची बादली.)

आणि बांधावरच्या तक्रारीचं काय? एका वावरावर पाण्यात कालवलेला अंड्याचा पांढरा भाग फवारायचा, दुसऱ्यावर दूध. किड्याच्या अंगाला लागलेलं प्रोटीन प्रयोगशाळेत ओळखता येतं. फक्त सापळ्यातला प्रत्येक पतंग वेगळ्या नळीत ठेवायचा. दोघं एकमेकांना घासले, तर एका वावराची खूण दुसऱ्याच्या अंगाला लागते.