पोलीसप्रमुख नेमणारा लोकनियुक्त कमिशनर

इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक पोलीस दलांचा प्रमुख कोण असावा, हे ठरवणाऱ्या माणसाला लोक थेट मतदानानं निवडतात. त्याचं पद 'पोलीस अँड क्राइम कमिशनर'. आपल्याकडचा पोलीस आयुक्त आयपीएस अधिकारी असतो. हा कमिशनर वर्दीतला नसतो. तो चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे दलाचा प्रमुख, नेमतो, गरज पडल्यास त्याला घरीही पाठवतो, दलाचं बजेट ठरवतो. अटक कुणाला करायची, तपास कसा करायचा, यात मात्र त्याला ढवळाढवळ करता येत नाही. लंडनसारख्या काही ठिकाणी हे अधिकार महापौराकडे आहेत.

२०११च्या कायद्यानं हे पद आणलं. पहिलं मतदान झालं १५ नोव्हेंबर २०१२ला, ऐन थंडीत. उमेदवारांची पत्रकं मोफत टपालानं घरोघर गेलीच नाहीत. मतदान झालं १५ टक्क्यांच्या आसपास. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहराच्या बेटस भागातल्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही.

उमेदवारीसाठी १०० मतदारांच्या सह्या आणि ५,००० पौंड अनामत लागते. सगळ्यात कडक अट वेगळीच आहे: तुरुंगवासाची तरतूद असलेल्या गुन्ह्यात कधीही दोषी ठरलेला माणूस अपात्र, मग प्रत्यक्षात नुसता दंड झालेला का असेना. २०२१मध्ये विल्टशरला सर्वाधिक मतं मिळवलेल्या उमेदवाराचं दारू पिऊन गाडी चालवल्याचं जुनं प्रकरण ऐनवेळी उघडकीला आलं. ऑगस्टमध्ये सगळी निवडणूक पुन्हा घ्यावी लागली.

कमिशनरवर लक्ष ठेवायला मुख्यतः नगरसेवकांचं एक पॅनेल असतं. त्याची खरी कसोटी फेब्रुवारीत. स्थानिक करातला पोलिसांचा वाटा किती, हे कमिशनर १ तारखेपर्यंत कळवतो; पॅनेलनं ८ तारखेपर्यंत उत्तर द्यायचं. दोन तृतीयांश सदस्यांनी प्रस्ताव फेटाळला, तर १५ तारखेपर्यंत नवा आकडा द्यावा लागतो. तोही पटला नाही, तरी पॅनेलला दुसऱ्यांदा अडवता येत नाही.

या व्यवस्थेतली खरी पोकळी २०१४मध्ये साऊथ यॉर्कशरला दिसली. तिथल्या रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात किमान १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांच्या चौकशी अहवालानं २६ ऑगस्टला मांडला. त्यातली काही वर्षं तिथल्या नगरपालिकेत बालसेवांची जबाबदारी शॉन राइट यांच्याकडे होती, आणि आता तेच कमिशनर होते. पंतप्रधानांसकट सगळ्यांनी राजीनामा मागितला, पॅनेलनं अविश्वास व्यक्त केला. पण दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला, तरच पॅनेल कमिशनरला निलंबित करू शकतं. मतदारांच्या हातीही काहीच नव्हतं. राइट यांनी १६ सप्टेंबरला स्वतःहून पद सोडलं, तेव्हाच ते गेले. लोकांनी निवडलेल्या माणसाला लोकांनाच हटवता येऊ नये, ही या कायद्यातली सगळ्यात मोठी चूक.

नोव्हेंबर २०२५मध्ये ब्रिटिश सरकारनं मे २०२८पासून हे पदच रद्द करण्याची घोषणा केली. इंग्लंडमध्ये शक्य तिथे अधिकार महापौरांकडे जातील. मात्र महापौराला मुदतीआधी परत बोलावण्याचा हक्कही तिथल्या मतदारांना नाही.