साभार परतीची अकरा वर्षं

(दृश्य : न्यूयॉर्कची जुनी भुयारी रेल्वे. कृष्णधवल चित्रफीत.)

२१ जून १९३८. ब्रुकलिनहून मॅनहॅटनकडे निघालेल्या गाडीत अठरा वर्षांचा एक कॉलेजकुमार बसला आहे. हातात टाइप केलेली एक कथा आहे, 'कॉस्मिक कॉर्कस्क्रू'. ती पोस्टानं न धाडता स्वतः नेऊन दे, असं वडिलांनी सुचवलं. वडील स्थलांतरित. रशियातल्या पेत्रोविची गावातून १९२३ साली कुटुंबासह अमेरिकेत आलेले. आता ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचं दुकान चालवतात. दुकानात मासिकंही विकायला असतात, पण मुलानं असली स्वस्त मासिकं वाचलेली त्यांना चालत नाहीत. एका मासिकाच्या नावात 'सायन्स' होतं, म्हणून तेवढ्याला परवानगी मिळाली. आयझॅक असिमॉव्ह विज्ञानकथेकडे वळला तो असा.

'अस्टाउंडिंग' या विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे. या अनोळखी पोराशी ते तासाहून जास्त वेळ बोलले. दोन दिवसांत कथा वाचली आणि साभार परत केली.

पुढे ती कथा हरवली. तरीही तिची जन्मकथा आपल्याला तारीखवार ठाऊक आहे, कारण १९३८च्या १ जानेवारीपासून असिमॉव्ह रोजनिशी लिहीत होता. कुठली कथा कधी लिहिली, कुणाकडे पाठवली, कधी परत आली, किती पैसे मिळाले, याच्या नोंदी त्यानं ठेवल्या. चौतीस वर्षांनी त्या नोंदींतून एक जाडजूड पुस्तक उभं राहिलं.

(दृश्य : पुस्तकाचं मुखपृष्ठ.)

'द अर्ली असिमॉव्ह'. प्रकाशक डबलडे, साल १९७२. उपशीर्षकाचा अर्थ, अकरा वर्षांची धडपड.

आपल्याकडे नावाजलेल्या लेखकाच्या 'निवडक कथा' निघतात. त्यात गाजलेलं तेवढं वेचून घेतलेलं असतं. असिमॉव्हनं तेही केलं होतं. १९६९ साली, शंभरावं पुस्तक म्हणून, त्यानं आधीच्या पुस्तकांमधले वेचे एकत्र केले आणि नाव दिलं 'ओपस १००'. पण १९७२च्या या पुस्तकात त्याची गाजलेली कथा 'नाइटफॉल' नाही. आकाशगंगेच्या साम्राज्यावरच्या 'फाउंडेशन' मालिकेतल्या कथा नाहीत, यंत्रमानवाच्या गाजलेल्या कथाही नाहीत. त्या सगळ्या आधीच्या संग्रहांत गेल्या होत्या. मागे उरलेल्या सत्तावीस कथा इथे आहेत आणि प्रत्येकीच्या मागेपुढे लेखकाचं निवेदन आहे.

खरं सांगायचं तर यातल्या काही कथा कच्च्या आहेत. 'द कॅलिस्टन मेनेस' घ्या. गुरूच्या उपग्रहावर चुंबकीय शक्ती असलेल्या महाकाय अळ्या, आणि यानात लपून आलेला एक मुलगा. कॅम्पबेलनी ती नाकारली. १९४०मध्ये दुसऱ्या मासिकात ती छापून आली. आज ती वाचताना लेखकाचं वय कळतं. पण कथा संपते, निवेदन सुरू होतं, आणि मग पुस्तक हातातून सुटत नाही. पहिली कथा विकली गेली ती 'मरून्ड ऑफ व्हेस्टा', तीही 'अस्टाउंडिंग'ला नव्हे, 'अमेझिंग स्टोरीज'ला. शब्दाला एक सेंट या दरानं चौसष्ट डॉलर मिळाले.

कॅम्पबेलनी घेतलेली पहिली कथा म्हणजे 'ट्रेंड्स'. जुलै १९३९च्या अंकातली. तिचं बीज अगदी वेगळ्या ठिकाणी सापडलं. शिकता शिकता चार पैसे मिळावेत म्हणून असिमॉव्ह एका समाजशास्त्रज्ञासाठी टायपिंग करायचा. विषय होता, नव्या तंत्रज्ञानाला समाज कसा विरोध करतो. टाइप करता करता त्याला सुचलं की अंतराळप्रवासालाही लोक विरोध करतील! त्या काळच्या कथांमध्ये यान बांधायचं आणि उडायचं, एवढंच असे. रस्त्यावर उतरून 'हे नको' म्हणणारा जमाव कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

(दृश्य : कॅम्पबेल यांचं छायाचित्र.)

हे पुस्तक कॅम्पबेलच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. ते १९७१मध्ये गेले. असिमॉव्ह त्यांचं ऋण मनापासून मानतो, पण मतभेद झाकत नाही. कॅम्पबेलना परग्रहवासीयांपुढे माणूस श्रेष्ठ ठरलेला आवडे. 'होमो सोल' ही कथा त्यांना याचसाठी भावली. असिमॉव्ह ज्यू होता आणि युरोपात हिटलरचं युद्ध पेटलं होतं. एक वंश जन्मानंच वरचढ, ही कल्पना अंतराळात नेली तरी त्याला खुपत होती. भांडण न करता त्यानं वाट काढली. ज्या आकाशगंगेत माणसांशिवाय कुणीच नाही, तिथे श्रेष्ठ कोण हा प्रश्नच उरत नाही. 'फाउंडेशन'चं विश्व निव्वळ माणसांचं आहे, त्याचं मूळ इथे आहे. मला या पुस्तकातली ही सर्वांत मोलाची पानं वाटतात.

आता थायोटिमोलीन.

(दृश्य : प्रयोगशाळा. पाण्यात पडणारे स्फटिक.)

कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.साठी असिमॉव्ह कॅटेकॉल नावाचं रसायन पाण्यात विरघळवत होता. त्याचे पिसांसारखे हलके स्फटिक पाण्याला टेकताक्षणी नाहीसे होत. मनात आलं, हे आणखी थोडं लवकर विरघळणारं असतं तर? पाणी पडायच्या आधीच? मग त्यानं थायोटिमोलीन नावाच्या काल्पनिक रसायनावर, आलेख-कोष्टकांसकट, एक खोटा शोधनिबंध लिहिला. तोंडी परीक्षा जवळ आली होती. परीक्षक रागावतील म्हणून टोपणनाव वापरा, असं त्यानं कॅम्पबेलना कळवलं. ते विसरले. मार्च १९४८च्या अंकात निबंध खऱ्या नावानं झळकला.

मे महिन्यात परीक्षा झाली. प्रश्नांच्या फैरी सोसून झाल्यावर एका परीक्षकानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, थायोटिमोलीनच्या उष्मागतिक गुणधर्मांविषयी काही सांगा. असिमॉव्हला हसू आवरेना. नापास करायचं असतं तर हा प्रश्न त्यांनी विचारलाच नसता, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

(दृश्य : टाइपरायटर. कागदावर आकडे.)

या अकरा वर्षांत त्यानं बी.एस्सी. ते पीएच.डी. शिक्षण केलं, युद्धकाळात फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत नोकरी केली, सैन्यातही गेला. १९४९मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवू लागला. विज्ञानकथांची या काळातली एकूण कमाई त्यानं पै-पैशासकट दिली आहे. ७,८२१ डॉलर ७५ सेंट. आठवड्याला चौदा डॉलरही नाहीत. 'नाइटफॉल' आणि 'फाउंडेशन' धरून! जानेवारी १९५०मध्ये पहिली कादंबरी 'पेबल इन द स्काय' आली आणि हिशेब बदलू लागला.

हरवलेल्या कथांचीही या पुस्तकात नोंद आहे. त्यांतली 'बिग गेम' ही चिमुकली कथा १९४१ची. डायनासोर का संपले, याबद्दलची. असिमॉव्हनं आपली कागदपत्रं बॉस्टन विद्यापीठाला दिली होती. एका चाहत्याला त्या बाडात तिची प्रत सापडली आणि १९७४च्या 'बिफोर द गोल्डन एज' या संग्रहात ती छापली गेली. गंमत अशी, की कथा गेलीच असं समजून तिची कल्पना त्यानं आधीच 'डे ऑफ द हंटर्स' या कथेत वापरून टाकली होती. ती १९५०ची. आज दोन्ही कथा उपलब्ध आहेत. आधी १९४१ची वाचा, मग १९५०ची. मधल्या नऊ वर्षांत तो काय शिकला, ते ओळीओळीत दिसतं.