चेहरा परत येतो तेव्हा

[दृश्य : नवजात बाळ, अगदी जवळून. आईचं बोट धरलेली मूठ.]

नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते वीतभर, फार तर त्याच्या थोडं पुढचं. अंगावर पाजताना बाळाचे डोळे आणि आईचा चेहरा यांतलं अंतर मोजून बघा, तेवढंच भरतं. बाकीचं जग अजून धूसर आहे.

आवाज मात्र ते जन्माआधीपासून ऐकत आलंय. १९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल ती लय पकडली.

[दृश्य : रिकामी खोली. उंच खुर्चीत आठ महिन्यांचं बाळ, समोर आई. एक कॅमेरा बाळावर, एक आईवर.]

आता जे दिसणार आहे, ती कल्पना आमची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी हा प्रयोग पहिल्यांदा १९७५ मध्ये मांडला, १९७८ मध्ये त्यावरचा निबंध छापून आला. आपण त्याला 'थिजलेला चेहरा' म्हणू. आईनं आधी नेहमीसारखं खेळायचं. मग मान वळवायची आणि परत समोर बघताना चेहरा कोरा ठेवायचा. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात लावायचा नाही. आम्ही दोन मिनिटं ठरवली होती.

खेळ सुरू आहे. बाळ छताच्या दिव्याकडे बोट करतं. आई म्हणते, "दिवा! हो, दिवाच तो!" बाळ पाय आपटतं.

आता आईनं मान वळवली.

बाळ आधी हसतं. रस्त्यात ओळखीच्या माणसाला हाक मारावी, त्यानं ऐकू नये आणि आपण पुन्हा, जरा मोठ्यानं हाक मारावी, तसं हे हसू आहे. मग तेच बोट परत दिव्याकडे जातं. नजर आईकडे. पुन्हा बोट, पुन्हा नजर. मघाशी चाललेली किल्ली आता का चालत नाही? मग टाळ्या. मग एक किंचाळी. मग मात्र ते मान फिरवतं आणि लाळेऱ्याचं टोक तोंडात घालून चावत बसतं.

[इथे निवेदन नाही. वीस सेकंद फक्त मूळ आवाज.]

एक मिनिट दहा सेकंदांनी आईनंच हात वर केला. आम्ही थांबलो.

[दृश्य : आई पुढे वाकते. बाळाचा चेहरा.]

हे नीट बघा. आई परत आली, तरी बाळ लगेच हसत नाही. ते रुसलंय. तिरकं बघतं, हात काढून घेतं. आई "आले, आले मी" म्हणत राहते. बराच वेळ जातो. मग बोट हळूच वर. "दिवा," आई म्हणते.

हा प्रयोग दाखवणारे बहुतेक जण मधला रडका भाग दाखवतात आणि पालकांना घाबरवून सोडतात. आम्हाला मोलाचा वाटतो तो हा शेवटचा तुकडा. ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई-बाळांचे साधे, रोजचे खेळ सेकंदासेकंदानं तपासले, तेव्हा दिसलं की सगळं सुरळीत असतानाही दोघांचा सूर जुळलेला असतो तो जेमतेम ३० टक्के वेळ. बाकी सगळी चुकामूक. बाळाला झोप आलेली, आई खुळखुळा वाजवतेय. बाळाला खेळायचंय, आईचं लक्ष दुसरीकडे. आणि मग कुणीतरी एक जण वळतं, सूर परत लागतो. दिवसभरात हे किती वेळा होतं, ते मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत. तुटलेलं पुन्हा जुळतं, हे बाळ इथे शिकतं. बोलता येण्याच्या कितीतरी आधी.

जाता जाता एक. त्या काळच्या चित्रफिती बघताना समोरच्या खुर्चीत जवळजवळ नेहमी आईच दिसते. वडिलांना प्रयोगशाळेत फारसं कुणी बोलावलंच नव्हतं. त्यामुळे 'आईनं असं केलं तर' या वाक्याचं ओझं निम्म्या जगानं उचललं. आमच्या पुढच्या दृश्यात वडील आहेत.

[दृश्य : अंगण. दुडदुडणारं मूल पडतं. चित्र मंद गतीत.]

पडल्यावर मूल रडत नाही. एक क्षण थांबतं आणि वडिलांचा चेहरा शोधतं. लागलं की नाही, हे गुडघ्याच्या आधी त्या चेहऱ्याला विचारायचं असतं.

१९८५ मध्ये जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या मुलांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली खड्डा असल्याचा भास, पलीकडे आई. आईनं आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून गेली. भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. टेबल तेच, काच तीच.

[दृश्य : दोन भावंडं, पाण्याचं टब. एक उडी मारतं, दुसरं कडेला.]

आपल्याकडे म्हणतात, खाण तशी माती. ही दोघं एकाच खाणीतली. एकानं आत उडी मारली, दुसरं अजून पाण्याला बोट लावून बघतंय. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यू यॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कुणी जन्मतःच सोशिक, कुणी चिडकं, कुणी बिचकणारं. त्यांचा भर होता तो मुलाचा स्वभाव आणि घराची रीत यांच्या जुळणीवर. या कडेच्या मुलाला ढकलायचं, की शेजारी बसून आपलाही हात पाण्यात घालायचा? त्याची आई काय करते ते दिसतंच आहे.

आणि समोर चेहराच नसेल तर? रोमानियातल्या अनाथालयांमधल्या १३६ मुलांवर बुखारेस्टमध्ये दीर्घ अभ्यास झाला. त्यातल्या काहींना सांभाळणारी घरं मिळाली. सुमारे दोन वर्षांच्या आत घरात गेलेली मुलं पुष्कळ सावरली, उशिरा गेलेली कमी. त्या मुलांची चित्रं आम्ही वापरलेली नाहीत.

[दृश्य : सकाळ. पांघरूण डोक्यावरून घेतलेली पंधरा वर्षांची मुलगी. दारात वडील.]

चौदा वर्षं पुढे. वडिलांची ही तिसरी हाक. वयात येताना शरीरात झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे पहाटेची झोप आळसाची असेलच असं नाही. हे वडिलांना ठाऊक आहे. आवाज तरी चढतोच.

[दृश्य : संध्याकाळ. दोघं भांडी पुसतायत. पाठमोरे.]

या दृश्यासाठी कॅमेरा मागे ठेवावा लागला. समोर ठेवला की मुलगी गप्प. हात कामात आणि नजर ताटावर असली की बोलते. आज वर्गातल्या कुणाचं तरी सांगतेय. वडील मध्ये एकच शब्द टाकतात, "मग?"

त्या 'मग'मागे मोठं संशोधन आहे. मुलं कुठे जातात, कुणाबरोबर असतात, हे ज्या पालकांना माहीत असतं त्यांची मुलं कमी भरकटतात, हे आधीपासून दिसत होतं. त्यावरून सल्ला निघाला : पाळत ठेवा. २००० मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासावरून हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी साधा प्रश्न विचारला : पालकांना हे कळतं कसं? उलटतपासणी आणि नियमांतून फार थोडं, मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे खूप जास्त. तेव्हा पालकांच्या हातात काय उरतं? सांगावंसं वाटेल असं वागणं. नियम नकोत असं कुणी म्हणत नाही. या घरातही आहेत, आणि त्यावरूनच पुढचं भांडण झालं.

[दृश्य : बंद दार. बाहेर वडील उभे.]

भांडण आमच्याकडे नाही. कॅमेरा लावेपर्यंत दार आपटून झालं होतं. परत यायच्या वेळेवरून सुरुवात झाली, एवढंच कळलं.

वडील आत जाऊन बसले. अकरा मिनिटांनी उठले. दारापाशी आले, हात उचलला, खाली घेतला. मग दोनदा टकटक.

"नियम बदलणार नाही. पण मी ओरडलो ते चुकलं."

[इथे निवेदन नाही.]

आतून आवाज येतो, "बाबा, तू जेवलास का?"

"नाही अजून."

[दृश्य : दार बोटभर उघडतं. तिथेच थांबतं.]