कमरेचा लाल गोळा

कमरेच्या पट्ट्यावरचा हा लाल गोळा नीट बघून घ्या. दुसऱ्याची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) ओढून आणणाऱ्याचा जीव या गोळ्यावर असतो. तो ओढला की बकल सुटतं आणि दोरासकट पट्टा अंगावरून निघून जातो. लाइफ जॅकेट घालून झाल्यावर, सगळ्यात शेवटी हा पट्टा चढवायचा. त्याच्यावर दुसरं काहीही येता कामा नये. साधा दोर कमरेला गाठ मारून निघणारेही आम्ही पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

मुंबईतली मार्वे जेट्टी, सकाळचे सात. मनोरीची फेरीबोट पलीकडे निघालीय. खाडी शांत आहे, म्हणून दोर जेमतेम एका कयाकच्या लांबीएवढाच सोडलाय. हूक मागच्या कयाकच्या टोकाशी अडकवलाय. शेजारचा हा पिवळा फ्लोट सुटलेल्या हुकाला बुडू देत नाही. दोर आखूड असला की वळणं सोपं जातं, फेरीबोटीच्या वाटेतून चटकन बाजूला होता येतं.

आता ओहोटी लागली. उधाणाच्या दिवसांत मुंबईची भरती साडेचार मीटरच्या वर चढते, आणि ते पाणी सहाएक तासांत उतरतं. वाटेत मच्छीमारांच्या नांगरलेल्या होड्या असतात, डोल जाळी, म्हणजे पिशवीसारखी जाळी, बांधायचे खुंट असतात. पुढची कयाक होडीच्या डावीकडून गेली आणि मागची उजवीकडून, की दोर अडकलाच. बघा, पुढे ओढणाऱ्या ताईंचं इथे तसंच होतंय. "ताई, गोळा ओढा! गोळा!"

सुटला.

खाडीच्या तोंडाबाहेर लाटा मोठ्या आहेत. इथे दोर पूर्ण सोडलाय, पंधरा मीटर. मागची कयाक लाटेवरून कशी सुसाट घसरत येतेय पाहा. दोर आखूड असता तर ती थेट पुढच्या पाठीत शिरली असती. चक्कर आलेल्या माणसाला तर नुसतं ओढून चालत नाही. तिसरी कयाक त्याच्या शेजारी लागते, तिच्यातला जोडीदार त्याला धरून बसतो, आणि दोघांना मिळून पुढे ओढतात.

लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेरच हूक काढायचा. फुटत्या लाटेत दोर हातापायांना वेढे घालतो आणि दोघंही अडकतात.

किनाऱ्याला लागण्याआधी ताईंनी तो गोळा अकरा वेळा ओढून पाहिला. बारावी वेळ ही. कयाक उलटी, डोकं पाण्याखाली, आणि हात पट्ट्यावर.