तीव्र आम्लारीचे विरलन आणि सामूचा हिशेब

चंबूच्या अरुंद मानेवर एक बारीक रेघ कोरलेली आहे. पिपेटने मोजून घेतलेले 0.1 मोलार (लीटरमागे 0.1 मोल) सोडियम हायड्रॉक्साइड या तीव्र आम्लारीचे 10 मिलिलीटर द्रावण या चंबूत आधीच सोडलेले आहे आणि द्रवाच्या पृष्ठभागाचा खोलगट तळ त्या रेघेला नेमका टेकेपर्यंत आता त्यात ऊर्ध्वपातित पाणी थेंबाथेंबाने पडते आहे. तळ रेघेला टेकला, की एकूण आकारमान 250 मिलिलीटर होईल.

मूळ द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच, 13 होता; सामू 7 च्या खाली असेल तर द्रावण आम्लधर्मी, वर असेल तर आम्लारीधर्मी. आकारमान पंचवीसपट झाले म्हणून 13 ला 25 ने भागले तर उत्तर 0.52 येते, म्हणजे आम्लारीत नुसते पाणी घालून तीव्र आम्ल तयार झाले, असे मानावे लागेल! भागायची असते ती संहती, म्हणजे दर लीटरमधले मोल. सामू हे लॉगरिदमवर आधारलेले माप आहे, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणारे सोरेनसन यांनी ते 1909 मध्ये मांडले.

पाणी घातल्याने आम्लारीचे मोल घटत नाहीत, ते अधिक आकारमानात विखुरतात इतकेच. चंबूतला 1 मिलिमोल आता 250 मिलिलीटरमध्ये आहे, म्हणून संहती 0.004 मोलार झाली. सोडियम हायड्रॉक्साइडचे पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण (आयनांत विभाजन) होत असल्याने हायड्रॉक्साइड आयनांची संहतीही तेवढीच धरता येते. बेरियम हायड्रॉक्साइड असते, तर त्याच्या प्रत्येक एककातून दोन हायड्रॉक्साइड आयन मिळत असल्याने ती दुप्पट धरावी लागली असती. 0.004 चा ऋण लॉगरिदम 2.40, हा झाला पीओएच, म्हणजे हायड्रॉक्साइड आयनांसाठीचे सामूसारखेच माप. 25 अंश सेल्सिअसला तो 14 मधून वजा केला, की सामू 11.60 मिळतो. तापमान बदलले, की हा 14 चा आकडाही बदलतो. 60 अंशांना तो सुमारे 13 असतो.

दहापट विरलनाला सामू एकाने उतरतो, हा आडाखा सोयीचा खरा, पण तो शेवटपर्यंत साथ देत नाही. संहती 10⁻⁸ मोलारवर आली, की याच आडाख्याने सामू 6 येतो, आणि आम्लारीचे द्रावण आम्लधर्मी ठरते. इथे पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबातून सुटलेले असतात. शुद्ध पाण्यातच हायड्रॉक्साइड आयन 10⁻⁷ मोलार असतात. मात्र त्यांत 10⁻⁸ सरळ मिळवूनही चालत नाही, कारण बाहेरून आलेले आयन पाण्याचे आयनीभवन थोडे दाबतात. दोन्ही गोष्टी धरून वर्गसमीकरण सोडवले, की हायड्रॉक्साइडची संहती 1.05 × 10⁻⁷ मोलार आणि सामू 7.02 येतो. संहती 10⁻⁶ मोलारपेक्षा जास्त असेल, तर एवढा खटाटोप करावा लागत नाही.

इतक्या विरल द्रावणाचे भांडे हवेत उघडे ठेवले, तर सामूमापीवर 7.02 सहसा दिसणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते, आणि सामू 7 च्याही खाली उतरतो.