वेळापत्रक बसपासून सुरू करा

मुलांनो, मला विषय दिलाय वेळेच्या नियोजनाचा, पण मी आधी बसवर बोलणार आहे. आपल्या गोव्यातल्या वाळपई, पेडणे, सांगे, काणकोण अशा भागांतून रोज ये-जा करणारे हात वर करा पाहू. बघा, प्राचार्य, किती हात आहेत!

छापील वेळापत्रकं सांगतात, पहाटे पाचला उठा, सहाला वाचायला बसा. सहाला आमची सत्तरी तालुक्यातली मुलगी थांब्यावर उभी असते, ती कुठे वाचणार?

मी शिकवायचो त्या कॉलेजात अशीच एक विद्यार्थिनी होती. तिचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल कायम दुपारच्या बॅचला, संपायला साडेचार. वाळपईची सोयीची बस त्याच सुमाराला सुटायची. पुढची मिळायची ती साखळी गावापर्यंतच, आणि तिथून गावची गाडी मिळेपर्यंत दिवेलागण व्हायची. तिने बॅच बदलून मागितली. उत्तर आलं, बॅच आडनावाच्या अक्षराप्रमाणे ठरतात! कॉलेजपासून चालत घरी जाणारी मुलं सकाळच्या बॅचला, आणि ही दुपारच्या. जर्नल उशिरा दिलं म्हणून तिला वर ऐकवलं, 'तुला वेळ सांभाळता येत नाही.' मला त्याचा संताप आजही येतो. तिच्याइतका मिनिटामिनिटाचा हिशेब त्या स्टाफरूममध्ये कोणी ठेवत नव्हतं. प्राध्यापक मंडळी इथे बसली आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, बॅच पाडण्याआधी मुलांच्या बसच्या वेळा विचारा.

आता हिशेब. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास. सत्राला २० क्रेडिट धरली तर ६०० तास झाले. १५ आठवड्यांत वाटले की आठवड्याला ४०. थिअरीच्या क्रेडिटला यातले साधारण निम्मे तास वर्गात जातात, उरलेले तुमचे तुम्ही करायचे. आणि रोज दीड तास जायला, दीड तास यायला लागत असेल, तर सहा दिवसांचे १८ तास बसमध्ये जातात. म्हणजे जवळजवळ तुमच्या स्वतःच्या अभ्यासाएवढे!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, भरभर सांगतो.

सत्र सुरू होताच कॅलेंडरवर न हलणाऱ्या गोष्टी आधी लिहा: गणपतीची चवथ, गावची जत्रा, उत्सवातल्या नाटकाच्या तालमी, शिगमो. नाटक सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण चवथीला घरी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची असताना असाइनमेंट पूर्ण होईल, हे स्वप्न सोडा. ती आदल्या आठवड्यात संपवा. शिगमो फाल्गुनात येतो, त्याच्या मागोमाग परीक्षा. तेव्हा उजळणी माघातच सुरू झाली पाहिजे.

बसमध्ये वाचू नका, वळणांवर मळमळतं. आठवा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने पाहिलं तर न बघता आठवून काढणारे पुढे होते. म्हणून येताना पुस्तक पिशवीतच ठेवा, सकाळच्या तासाला काय झालं ते क्रमाने मनात मांडा, आणि जिथे अडाल तेवढंच घरी जाऊन उघडा.