पळसावरची मोजणी

[पहाटेचा माळ. दूरवर एकच केशरी झाड.]

फाल्गुनात बालाघाटाच्या पठारावर पाहावं तिकडं पांढरं पडलेलं गवत. ओढ्यात वाळू, बाभळीवर धूळ. आणि मध्येच हा पळस. अंगावर पान नाही, पण फांदी न् फांदी फुललेली.

हा बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका. मांजरा नदी इथल्याच डोंगरात उगम पावते. मोरांसाठी १९९४ साली राखलेलं नायगावचं अभयारण्यही याच तालुक्यात. माळाच्या कडेला दोन खोल्या, एक पत्र्याचं शेड आणि एक पाणवठा, एवढंच हे निसर्ग शिक्षण केंद्र. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांची मुलं इथं येतात, वार्षिक परीक्षेच्या आधी, ऊन अजून सोसवतं तेव्हा.

[थव्याचा कलकलाट.]

आल्या. भोरड्या आल्या.

आधी आभाळात धुरासारखं काहीतरी वळतं, मग तो धूर झाडावर उतरतो आणि झाड बोलायला लागतं. अंग गुलाबी; डोकं, पंख, शेपटी काळी. पळसाच्या फुलात गोड रस असतो. त्यासाठी चोच आत घातली की कपाळाला पराग लागतात, तेच पुढच्या फुलाला पोचतात. पळसाला शेंगा धरतात त्या अशा पाहुण्यांच्या जिवावर.

शेतकऱ्याच्या पोरांना भोरडी काही नवी नाही. ज्वारी निसवली की मचाणावर उभं राहून गोफण फिरवायचं काम यातल्या अनेकांनी केलंय. कणसं रिकामी करणारा पक्षी म्हणूनच ते तिला ओळखतात, आणि ते खरंच आहे. पण हीच भोरडी नाकतोडे आणि टोळही खाते, हे इथं आल्यावर दुर्बिणीतून दिसतं. ज्याच्यावर दगड भिरकावला, त्याचा डोळा इतक्या जवळून पाहिला की मुलं गप्प होतात. ती शांतता मला फार मोलाची वाटते.

पाचवीतली एक मुलगी केंद्रातल्या ताईला विचारते, "ताई, हे कुठून येतेत?"

मध्य आशियातून, पूर्व युरोपातून. शंभर ग्रॅमसुद्धा वजन नसलेला हा पक्षी पावसाळ्यातच आपल्याकडं यायला लागतो आणि एप्रिलपर्यंत परततो. मे-जूनमध्ये तिकडं दगडांच्या कपारीत घरटी होतात.

"मग पिल्लं तिकडंच ठेवून येतेत का?"

[मुलीचा चेहरा. थोडा वेळ निवेदन नाही.]

या प्रश्नामागं तिचं घर आहे. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कुणाची पोरं फडावर जातात आणि त्यांची शाळा सुटते. कुणाची गावात आजीपाशी राहतात, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. ही वसतिगृहातली.

ताई सांगते, "नाही गं. पिल्लं उडायला लागली की तीपण थव्यानं इकडंच येतात. ती गुलाबी नसतात, मातकट असतात. शोध बरं एखादं."

त्यानंतर मुलगी झाडापासून हलत नाही.

[पाणवठ्याजवळची खडकाळ जागा.]

बाकीची मुलं इकडं पोटावर पालथी पडलीयत. समोर टिटवी. घरटं म्हणायला काही नाहीच. जमिनीत उथळ खळगा, कडेला चार खडे आणि मध्ये ४ अंडी, मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. नजर हलली की ती पुन्हा सापडत नाहीत. नर-मादी पाळीनं बसतात, जवळपास ४ आठवडे. दुपारी खडक तापतो, तेव्हा टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर येऊन बसते. उबवण्याइतकंच जपावं लागतं ते उन्हापासून!

एक मुलगा म्हणतो, "आजोबा म्हणतेत, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस लई." आजोबांचं वाक्य वहीत जातं आणि खळग्याची जागाही. पावसाळ्यात पडताळून पाहायचं ठरतं. जुनी समजूत हसून उडवून लावण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं.

कुंपणावर सरडा डोकं हलवतोय. गळा लालभडक. "रक्त पितोय" म्हणत दगड उचलणारे हात याच गटात आहेत. तो कुणाचंही रक्त पीत नाही. विणीच्या हंगामात नराला हा रंग चढतो, आणि डोकं हलवून तो दुसऱ्या नराला बजावतो की ही जागा माझी आहे. एवढं कळल्यावर दगड खाली पडतो.

[रात्रीच्या कॅमेऱ्यातलं दृश्य.]

हे खोकड आहे. शेपटीचं टोक काळं. मागं बिळाच्या तोंडाशी दोन पिल्लं. बीळ कुठं आहे ते आम्ही मुद्दाम दाखवत नाही.

[नोंदवही. बोटानं ओळी वाचल्या जातात.]

केंद्रात एक वही आहे. शाळा जवळ असलेली मुलं आठवड्यातून एकदा येऊन पळसावरची मोजणी लिहितात. पानं उलटत जावं तसं फुलं कमी होतात आणि कोवळी पानं येतात, एका देठाला तीन-तीन. त्या मुलीच्या अक्षरातली एक नोंद आहे : "मातकट पिल्लू एक. फांदीच्या शेंड्याला."

पुढं एप्रिल. साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपत आलाय. रस्त्यानं ट्रॅक्टर परत येतायत, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या आणि माणसं.

तिची शेवटची नोंद :

"भोरड्या शून्य. पिल्लूपण गेलं. आई-पप्पा रात्री आले, म्हणून पुढच्या मोजणीला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."